आयपॅड : पहिली ओळख आणि नंतरचा हिशेब

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील येर्बा ब्वेना कलाकेंद्रात अॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ‘आयपॅड’ या टॅब्लेट संगणकाची घोषणा केली. तेथे सकाळचे दहा वाजले होते आणि भारतात रात्रीचे साडेअकरा. यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया होऊन जॉब्स यांना तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते. व्यासपीठावर एक आरामखुर्ची आणि शेजारी एक छोटे मेज मांडलेले होते. कळफलक नव्हता, माऊस नव्हता. खुर्चीत रेलून, मांडीवर पाटी धरावी तसे यंत्र धरून जॉब्स यांनी संकेतस्थळे उघडली, पत्रे वाचली, छायाचित्रे बोटाने सरकवली. ती खुर्ची शोभेसाठी ठेवलेली नव्हती. संगणकापुढे ताठ बसून काम करण्याची रीत आता बदलणार, हे तिच्यातून सांगायचे होते. त्या दिवशीच्या बहुतेक टीकाकारांपेक्षा पुढच्या काळाचा अंदाज त्या खुर्चीलाच अधिक आला होता, असे आज म्हणता येते.

आयपॅड कसा होता, हे थोडक्यात असे. ९.७ इंचांचा काचेचा पडदा, त्यावर १०२४ गुणिले ७६८ ठिपके, मागे अॅल्युमिनियमची पाठ, जाडी साधारण साडेतेरा मिलिमीटर, वजन ६८० ग्रॅम. मोबाइल जाळ्याशी जोडता येणारे मॉडेल थोडे जड, म्हणजे ७३० ग्रॅमचे. साठवण १६, ३२ किंवा ६४ गिगाबाइट. बॅटरी दहा तास चालेल, असे कंपनीचे म्हणणे. आत ‘ए-४’ या नावाची एक गिगाहर्ट्‌झची चिप, जिची रचना अॅपलनेच केली होती. २००८ साली पी. ए. सेमी ही छोटी चिपकंपनी अॅपलने विकत घेतली, तेव्हा त्या खरेदीचा उपयोग काय, असा प्रश्न पडलेल्यांना येथे पहिले उत्तर मिळाले.

घोषणेपूर्वीचे कित्येक महिने अफवांचे पीक आले होते. किंमत हजार डॉलरच्या आसपास असेल, हा त्यांतला सर्वांत दृढ समज. जॉब्स यांनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मागच्या मोठ्या पडद्यावर ९९९ डॉलरचा आकडा बराच वेळ झळकत ठेवला आणि मग वरून ४९९ चा आकडा कोसळून त्याचा चुराडा होतो असे दाखवले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत महाग मॉडेल ८२९ डॉलरचे होते, हे मात्र टाळ्या ओसरल्यावर लोकांच्या ध्यानात आले.

कार्यक्रमानंतर शेजारच्या दालनात निमंत्रित पत्रकारांना यंत्र काही मिनिटे हाताळायला मिळाले. आयपॅडविषयीची पहिली मते दोन गटांत विभागली गेली, ती येथूनच. ज्यांनी यंत्र हातात घेतले त्यांनी प्रामुख्याने वेगाविषयी लिहिले. बोट हलताच पान हलते, चित्र मोठे करताना यंत्र अडखळत नाही, पडदा आडवा केला की मजकूरही लगेच आडवा होतो, अशी ती निरीक्षणे होती. कागदावर ही वैशिष्ट्ये किरकोळ वाटतात. परंतु स्पर्शाने चालणाऱ्या यंत्रात बोट आणि चित्र यांच्यामध्ये क्षणभराचाही विलंब पडला, तर आपण वस्तूला हात लावीत नसून तिला हुकूम सोडीत आहोत, अशी भावना होते. तो विलंब येथे जवळजवळ नव्हता. यंत्र दिसते त्याहून जड आहे, एका हाताने फार वेळ धरता येणार नाही, हेही याच मंडळींनी नोंदवले, आणि ते खरे होते.

ज्यांनी प्रक्षेपण दुरून पाहिले त्यांच्या हाती फक्त यादी होती, आणि ती यादी प्रामुख्याने ‘काय नाही’ याची होती. कॅमेरा नाही. यूएसबीचे छिद्र नाही. एका वेळी एकापेक्षा अधिक प्रोग्रॅम चालवता येत नाहीत. बॅटरी बदलता येत नाही. पडद्याभोवतीची काळी चौकट रुंद, आणि पडद्याचे प्रमाण जुन्या दूरचित्रवाणी संचासारखे, म्हणजे चित्रपट पाहताना वर-खाली पट्टे येणार. ‘मोठा आयफोन’ ही पदवी पहिल्याच तासाभरात बहाल झाली. नावाचीही यथेच्छ टवाळी झाली. इंग्रजीत ‘पॅड’ या शब्दाला स्त्रियांच्या सॅनिटरी पॅडचाही अर्थ असल्याने ट्विटरवर त्या दिवशी विनोदांना ऊत आला. हे नाव सुचवणाऱ्या बैठकीत एकही स्त्री नसावी, असा टोमणा बऱ्याच जणींनी मारला, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. जॉब्स यांचे चरित्रकार वॉल्टर आयझॅक्सन यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात नोंदवले आहे, की घोषणेनंतरच्या चोवीस तासांत जॉब्स यांना आठशेच्या आसपास ई-मेल आले, त्यांतले बहुसंख्य तक्रारीचे होते आणि ते वाचून हा माणूस खिन्न झाला.

या यादीचे पुढे काय झाले? बहुतेक नोंदी एकेक करून खोडल्या गेल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या ४.२ या आवृत्तीने अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी उघडे ठेवण्याची सोय केली. मार्च २०११ मध्ये जाहीर झालेल्या ‘आयपॅड २’ला पुढे-मागे कॅमेरे आले, आणि जाडी ८.८ मिलिमीटरवर आली. काही गोष्टींना मात्र गमतीदार विलंब लागला. साधे आकडेमोडीचे कॅलक्युलेटर, जे फुटकळ भ्रमणध्वनीतही असते, ते आयपॅडवर कंपनीने स्वतःहून दिले ते थेट २०२४ साली. चौदा वर्षे लोक बाहेरचे प्रोग्रॅम घेऊन बेरीज-वजाबाकी करीत राहिले.

यादीतल्या एका नोंदीची हकीकत वेगळी आहे. व्यासपीठावर जॉब्स ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे संकेतस्थळ दाखवीत होते, तेव्हा पानाच्या मधोमध एक रिकामा चौकोन सर्वांना दिसला. ‘फ्लॅश’ हे अॅडोबी कंपनीचे तंत्र आयपॅडवर चालत नसल्याची ती खूण होती. त्या काळात इंटरनेटवरील बहुसंख्य चित्रफिती, खेळ आणि जाहिराती फ्लॅशवर चालत, त्यामुळे ‘संपूर्ण इंटरनेट हातात’ हा दावा त्या चौकोनापुढे लंगडा पडत होता. २९ एप्रिल २०१० रोजी जॉब्स यांनी फ्लॅशविषयी उघड पत्र लिहिले. ते बॅटरी खाते, सुरक्षिततेत कच्चे आहे, माऊससाठी बनलेले आहे, आणि एका कंपनीच्या मालकीचे आहे, असे आक्षेप त्यात होते. शेवटचा आक्षेप अॅपलच्या तोंडी जरा विचित्रच वाटतो. तरीही निकाल अॅपलच्या बाजूने लागला. नोव्हेंबर २०११ मध्ये अॅडोबीने भ्रमणध्वनींसाठीच्या फ्लॅशचा विकास थांबवला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संगणकावरचे फ्लॅशही अधिकृतपणे बंद झाले. पहिल्या दिवशी जो दोष म्हणून मोजला गेला, त्याने पुढे आपल्याभोवतीच्या जगालाच बदलायला भाग पाडले, असे उदाहरण क्वचितच सापडते.

‘हे यंत्र आहे कोणासाठी?’ हा त्या आठवड्यातला दुसरा मोठा प्रश्न होता. भ्रमणध्वनी खिशात आहे, लॅपटॉप पिशवीत आहे, मग मधले हे तिसरे यंत्र कशाला? जॉब्स यांनी स्वतःच हा प्रश्न भाषणाच्या आरंभी मांडला होता. वाचणे, पाहणे, ऐकणे, पत्रे पाहणे, खेळणे अशी काही कामे दोन्हींपेक्षा चांगली करता आली तरच तिसऱ्या यंत्राला जागा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या जागेवर तेव्हा नेटबुक नावाचे छोटे, स्वस्त लॅपटॉप होते. २००७ साली असूस कंपनीच्या ‘ई पीसी’पासून सुरू झालेली ही जात जोरात खपत होती, आणि जॉब्स यांनी तिची भर सभेत खिल्ली उडवली. फेब्रुवारी २०१० मध्ये बिल गेट्‌स यांनी एका मुलाखतीत नेमका उलटा अंदाज दिला. वाचनासाठी आयपॅड बरा आहे, परंतु आवाज, लेखणी आणि खराखुरा कळफलक यांचा संगम असलेले यंत्रच पुढे सर्वसामान्य होईल, असे त्यांचे मत होते.

गेट्‌स यांना टॅब्लेटचा अनुभव नव्हता असे नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘टॅब्लेट पीसी’ बाजारात आणला होता. पाच वर्षांत हा संगणक अमेरिकेत सर्वाधिक लोकप्रिय होईल, असे भाकीत त्याआधीच्या वर्षी खुद्द गेट्‌स यांनीच केले होते. ते यंत्र फसले, कारण त्यात नेहमीची विंडोज प्रणाली होती. माऊसच्या टोकासाठी आखलेली इवलीशी बटणे लेखणीने टिपत बसावी लागत, यंत्र जड होते आणि लॅपटॉपपेक्षा महागही. अॅपलचे वेगळेपण एवढेच, की त्याने संगणक लहान करण्याऐवजी भ्रमणध्वनी मोठा केला. आयफोनसाठी बनलेले सुमारे एक लाख चाळीस हजार प्रोग्रॅम आयपॅडवर पहिल्या दिवसापासून चालत होते आणि ते सारे बोटासाठी बनलेले होते. ‘मोठा आयफोन’ हा टोमणा वस्तुस्थिती म्हणून अचूक होता. तो दोष आहे की गुण, एवढेच ठरायचे होते.

३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्री सुरू झाली. पहिल्या दिवशी तीन लाख, २८ दिवसांत दहा लाख, ८० दिवसांत तीस लाख यंत्रे खपली. त्या वर्षीच्या नऊ महिन्यांत सुमारे दीड कोटी. पुढच्या तीन वर्षांत नेटबुकची बाजारपेठ आटली. परंतु हिशेब तेथेच थांबवला तर तो एकांगी होईल. सप्टेंबर २०१३ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात सात कोटी दहा लाख आयपॅड विकले गेले. तीन वर्षांनी तोच आकडा साडेचार कोटींच्या आसपास आला. भ्रमणध्वनींचे पडदे मोठे झाले, आणि एकदा घेतलेला आयपॅड लोक वर्षानुवर्षे वापरू लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये अॅपलने आयपॅडसाठी स्वतःची लेखणी आणि जोडता येणारा कळफलक आणला. मार्च २०२० मध्ये माऊस आणि ट्रॅकपॅडही रीतसर चालू लागले. म्हणजे गेट्‌स यांचा अंदाज पहिल्या पाच वर्षांत खोटा ठरला आणि नंतर हळूहळू मागच्या दाराने आत आला. तिसऱ्या यंत्राला जागा होती. ती किती, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचा अंदाज चुकला.

काही ठिकाणी ही जागा कोणाच्या कल्पनेत नव्हती अशी निघाली. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांना नकाशे आणि नियमावल्यांची सुमारे १६ किलोंची बॅग बरोबर न्यावी लागे. डिसेंबर २०११ मध्ये त्याऐवजी आयपॅड वापरायला त्या कंपनीला अमेरिकी हवाई वाहतूक प्रशासनाची परवानगी मिळाली. घोषणेच्या दिवशी चित्रकलेचा ‘ब्रशेस’ हा प्रोग्रॅम दाखवला गेला, तेव्हा तो करमणुकीचा भाग वाटला होता. त्याच प्रोग्रॅमवर डेव्हिड हॉकनी या नामवंत ब्रिटिश चित्रकाराने शेकडो चित्रे काढली, आणि २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीतील त्यांच्या प्रदर्शनात त्यांतली अनेक मोठ्या आकारात छापून लावली गेली.

वृत्तपत्रे आणि पुस्तके यांच्या दृष्टीने तो दिवस अधिक नाजूक होता. मागचे वर्ष अमेरिकी वृत्तपत्रांना फार वाईट गेले होते. डेन्व्हरचे ‘रॉकी माउंटन न्यूज’ फेब्रुवारी २००९ मध्ये बंद पडले, सिएटलच्या ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’ची छापील आवृत्ती मार्चमध्ये थांबली. वाचक इंटरनेटवर गेला, पैसे मात्र त्याच्यामागून गेले नाहीत. अशा वेळी ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे प्रतिनिधी व्यासपीठावर आले आणि अवघ्या तीन आठवड्यांत तयार केलेली आपली आयपॅड आवृत्ती त्यांनी दाखवली. स्तंभ, मथळे, छायाचित्रे छापील पानासारखी, आणि छायाचित्राला बोट लावले की चित्रफीत सुरू. वाचक पुन्हा एकवार पैसे देऊन वर्तमानपत्र वाचील, ही आशा त्या काही मिनिटांत अनेक संपादकांच्या मनात जागी झाली असल्यास नवल नाही.

आशेचा हिशेब फार लांबला नाही. न्यूज कॉर्पोरेशनने केवळ आयपॅडसाठी ‘द डेली’ हे वृत्तपत्र २ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू केले. वर्गणी आठवड्याला ९९ सेंट. सुमारे एक लाख वर्गणीदार मिळाले, पण तेवढ्याने खर्च भागेना, आणि १५ डिसेंबर २०१२ रोजी शेवटचा अंक निघाला. दुसरीकडे अॅपलने फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर केले, की आयपॅडमधून घेतलेल्या वर्गणीचा ३० टक्के वाटा आपला. वाचकाचे नाव-पत्ता प्रकाशकाला मिळेल की नाही, हे वाचकाने ठरवायचे. ‘फायनान्शियल टाइम्स’ने हे नाकारले, जून २०११ मध्ये साध्या ब्राउझरमधून चालणारी आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी अॅपलच्या दुकानातून आपले बस्तान हलवले. वर्तमानपत्रांना विक्रेता नवा नव्हता, त्याचे कमिशनही नवे नव्हते. पण गावात एकच विक्रेता, आणि ग्राहक कोण हे तोच जाणतो, अशी परिस्थिती नवी होती.

पुस्तकांचा तिढा थेट न्यायालयात गेला. अॅमेझॉन कंपनी किंडलवर नवी गाजलेली पुस्तके ९.९९ डॉलरला विकत होती, आणि प्रकाशक त्यावर नाराज होते. अॅपलने पाच मोठ्या प्रकाशकांशी करार केले : किंमत प्रकाशकाने ठरवावी, ३० टक्के अॅपलने घ्यावे. नव्या पुस्तकांची किंमत त्यामुळे १२.९९ ते १४.९९ डॉलरवर जाणार होती. घोषणेनंतरच्या त्या गर्दीच्या दालनात एका पत्रकाराने जॉब्स यांना विचारले, की अॅमेझॉनवर कमी पैशात मिळणारे पुस्तक लोक येथे जास्त पैसे देऊन का घेतील? किमती सारख्याच होतील, असे उत्तर जॉब्स यांनी सहज दिले. दोनच दिवसांनी अॅमेझॉनने मॅकमिलनच्या पुस्तकांची विक्री थांबवली, आणि आणखी दोन दिवसांत माघारही घेतली. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने अॅपल आणि पाच प्रकाशकांवर संगनमताने किमती वाढवल्याचा खटला भरला, तेव्हा चित्रफितीत टिपले गेलेले ते सहज उत्तर पुरावा म्हणून पुढे आले. जुलै २०१३ मध्ये निकाल अॅपलच्या विरोधात गेला. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला आणि ४५ कोटी डॉलरची तडजोड कायम झाली. पहिल्या दिवशीच्या असंख्य वार्तांकनांमध्ये सर्वांत महागात पडलेला प्रश्न तोच म्हणावा लागेल.

त्या सकाळी कलाकेंद्राच्या बाहेर रस्त्यावर एक छोटी निदर्शनेही चालू होती. ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’चे कार्यकर्ते या यंत्राला कुलूप असल्याचे सांगत होते. आयपॅडवर कोणता प्रोग्रॅम चालेल हे यंत्राचा मालक ठरवत नाही, अॅपल ठरवते, असे त्यांचे म्हणणे. आयफोनलाही हेच कुलूप होते, परंतु फोन हा फोन म्हणून लोकांनी ते चालवून घेतले. संगणक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला ते लावले जाणे ही वेगळी गोष्ट होती. आत तिकडे छिद्रे मोजली जात होती आणि बाहेर हे चार-दोन लोक मूळ मुद्द्यावर बोट ठेवून उभे होते.

कुलूप म्हणजे काय, हे दोन-तीन महिन्यांतच दिसले. मार्क फिओरी हे सॅन फ्रान्सिस्कोचेच राजकीय व्यंगचित्रकार. त्यांच्या चित्रांचा प्रोग्रॅम अॅपलने डिसेंबर २००९ मध्ये नाकारला होता, कारण त्यात सार्वजनिक व्यक्तींची थट्टा होती. व्यंगचित्रात दुसरे काय असते? एप्रिल २०१० मध्ये फिओरी यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले, वृत्तपत्रांत ओरड झाली, आणि मग अॅपलने तो प्रोग्रॅम स्वीकारला. पुलित्झर न मिळालेल्या व्यंगचित्रकाराने काय करावे, याचे उत्तर कोणी दिले नाही. त्याच महिन्यात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या ‘स्क्रॅच’ या भाषेतील खेळ दाखवणारा प्रोग्रॅम दुकानातून काढून टाकण्यात आला. दुसऱ्या कोणी लिहिलेला संकेत आत चालवायचा नाही, या नियमात तो सापडला.

या दुसऱ्या प्रसंगाला एक जुना संदर्भ आहे. मुलांच्या हातातला, वहीएवढा, वाचता-लिहिता येणारा संगणक ही कल्पना अॅलन के या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७२ साली ‘डायनाबुक’ या नावाने सविस्तर मांडली होती. टॅब्लेटची कुळकथा बहुधा तेथूनच सांगितली जाते. आयफोन जाहीर झाला तेव्हा, पडदा पाच गुणिले आठ इंच करा म्हणजे जग तुमचे, असे आपण जॉब्स यांना म्हटल्याचे के यांनीच सांगितले आहे. पण डायनाबुकचे सार आकारात नव्हते. मुलाने स्वतः प्रोग्रॅम लिहावा, दुसऱ्याला द्यावा, दुसऱ्याने तो उघडून बदलावा, यात होते. आयपॅडने डायनाबुकचा देह घेतला आणि प्राण दाराबाहेर ठेवला. पुढे दार किलकिले झाले. लहान मुलांसाठीचे ‘स्क्रॅच ज्युनियर’ २०१४ मध्ये आयपॅडवर आले, अॅपलचे स्वतःचे ‘स्विफ्ट प्लेग्राउंड्‌स’ २०१६ मध्ये. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे सप्टेंबर २०२४ पासून त्या देशांत अन्य दुकानांतूनही आयपॅडवर प्रोग्रॅम घेता येऊ लागले. अन्य देशांतल्या सर्वसामान्य वापरकर्त्यांना ती मुभा त्या वेळी मिळाली नाही.

भारतात आयपॅड रीतसर विक्रीला आला तो २८ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे घोषणेनंतर एक वर्ष आणि एका दिवसाने. किंमत २७ हजार ९०० रुपयांपासून ४४ हजार ९०० रुपयांपर्यंत. तोवर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून तो मुंबई-पुण्यात पोहोचलाच होता. घोषणा झाली तेव्हा तिसऱ्या पिढीच्या मोबाइल जाळ्याची सेवा येथे फक्त सरकारी कंपन्यांकडे होती. खासगी कंपन्यांसाठी लहरींचा लिलाव २०१० च्या एप्रिल-मेमध्ये झाला. भाषेची अडचण निराळीच होती. त्या दशकात मराठीतली अनेक संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टवर चालत, वाचकाने तो आधी उतरवून घ्यायचा. आयपॅडवर वापरकर्त्याला फॉन्ट बसवता येत नसे, त्यामुळे ज्यांनी युनिकोड स्वीकारला नव्हता त्यांचा मजकूर तेथे वाचता येणे शक्यच नव्हते. पडद्यावरच्या कळफलकात मराठी नव्हती. तिला पुढे काही वर्षे वाट पाहावी लागली. भारत सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा सात इंची स्वस्त टॅब्लेट जाहीर केला, तेव्हा तुलना अर्थातच आयपॅडशी झाली. त्याचा पडदा बोट टेकवून चालत नसे, दाबावा लागे. ४९९ डॉलरच्या यंत्रात आणि जेमतेम ५० डॉलरच्या यंत्रात पहिला फरक कोठे जाणवतो, तर तो बोटाच्या टोकाला, हे त्या दिवशी अनेकांना कळले.

ज्या यंत्रापासून हे सारे सुरू झाले, त्याचे आयुष्य मात्र छोटे ठरले. पहिल्या आयपॅडमध्ये अवघी २५६ मेगाबाइट स्मृती होती. घोषणेच्या दिवशी कंपनीने हा आकडा सांगितला नव्हता आणि ‘काय नाही’च्या त्या लांबलचक यादीतही तो नव्हता. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेली सहावी आवृत्ती त्यावर चालली नाही, मे २०१२ ची ५.१.१ हीच त्याची शेवटची आवृत्ती. जपून वापरलेले जुने आयपॅड आजही चालू होतात, पडदा पूर्वीइतकाच स्वच्छ दिसतो, बोटाला तो लगेच प्रतिसादही देतो. नवे प्रोग्रॅम त्यावर चढत नाहीत, अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि दुसरी एखादी कार्यप्रणाली बसवून त्याला पुन्हा कामाला लावण्याची सोय अॅपलने ठेवलेली नाही.